प्रत

औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात शिरायच्या आधी आमचे बावीस मोबाईल एका कापडी पिशवीत गेले. आत फोटो काढायचा नाही, हे सरांनी सांगलीत गाडीत बसतानाच सांगितलं होतं. हातात उरलं ते पॅड, चिमट्यात अडकवलेले दहा कागद, एक २बी आणि एक ४बी पेन्सिल. खोडरबर सरांनी दारातच मागून घेतले. "चुकलं तर चुकलेलं राहू दे. कुठं चुकलं ते नंतर बघू."

मी ए.टी.डी.च्या, म्हणजे कलाशिक्षक पदविकेच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. शनिवारी औंध आणि रविवारी सांगलीत फोटोंचं प्रदर्शन, असा दोन दिवसांचा कार्यक्रम होता. दोन्हीकडून आणायची वस्तू एकच, प्रत. संग्रहालयात जे आवडेल त्याची, प्रदर्शनात एखाद्या फोटोसमोर बसून त्याची. मग सोमवारी वर्गात उभं राहून सांगायचं, की प्रतीत काय आलं आणि काय मागं राहिलं. हे काम मला अजिबात आवडलं नव्हतं. एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिल्या तेव्हापासून 'हुबेहूब काढतेस हं' हे इतक्यांदा ऐकलंय की मला ते टोचायला लागलंय. स्वतःचं काहीतरी काढता यावं म्हणून मी या कोर्सला आले, आणि इथं पुन्हा नक्कल.

सकाळी साडेसहाला निघून तासगाव, विटा करत आम्ही औंधला पोचलो. पाऊस उघडला होता. मूळपीठ यमाईचं देऊळ वर डोंगरावर आहे आणि संग्रहालय त्याच डोंगरावर, देवळाच्या खालच्या अंगाला. खाली गाव, राजवाडा, गावातल्या यमाईची उंच दीपमाळ, सगळं एका नजरेत येतं. आत दिवे फारसे नव्हते, तरी कागद स्वच्छ दिसत होता. उजेड वरून, भिंतीवर अंग टाकल्यासारखा येत होता. चित्र काढणाऱ्या माणसानंच ही जागा करवून घेतली असणार, असं मला आत पाऊल टाकल्याटाकल्या वाटलं, आणि ते खरंच होतं.

औंधचे राजे भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. लोक त्यांना सूर्यनमस्कारांसाठी ओळखतात, पण त्यांनी रामायणाची चित्रमालिका रंगवून १९१६ साली छापली होती. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, तेव्हा एक लाख रुपये देऊ करणारे हेच. १९३८ साली त्यांनी हे संग्रहालय उभं केलं. मुघल, पहाडी, जयपुरी, विजापुरी लघुचित्रं, हस्तिदंती आणि चंदनी काम, रविवर्मा, धुरंधर, बाबूराव पेंटर, आणि एका छोट्या संस्थानाच्या डोंगरावर इंग्रज शिल्पकार हेन्री मूर. मूरचं 'माता आणि मूल' बघायला दुरून दुरून लोक येतात. मी त्याच्यासमोर वीस मिनिटं बसले आणि मला काढता आलं नाही. नाक-डोळे काढायला गेलं की दगड हरवत होता, दगड धरायला गेलं की आई हरवत होती. त्या कागदावर माझ्या फक्त चार वेड्यावाकड्या रेघा आहेत. सरांनी त्या बघितल्या आणि काहीच बोलले नाहीत, ते बरं झालं.

मला थांबवलं ते वेगळ्याच ठिकाणी. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती आहेत, त्यांच्यासमोरून मी सरळ पुढं निघाले होते. 'या काय प्रतीच आहेत, खरं अजिंठ्यात जाऊन बघू,' असं मैत्रिणीला म्हणाले, आणि ते सरांनी ऐकलं. रागावले नाहीत. तिथंच खाली बसले आणि आम्हा पाचसहा जणींना बसवून घेऊन त्यांनी सांगायला सुरुवात केली.

मद्रासच्या फौजेतला रॉबर्ट गिल नावाचा अधिकारी १८४४ च्या सुमाराला अजिंठ्याला आला. चित्रांच्या प्रती करायचं काम कंपनी सरकारनं त्याला दिलं होतं. वर्षामागून वर्षं तो तिथं राहिला, मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात प्रती केल्या आणि त्या इंग्लंडला पाठवल्या. लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या लावल्या होत्या. १८६६ च्या डिसेंबरात तिथं आग लागली, आणि चारदोन सोडता सगळ्या जळाल्या. मग मुंबईच्या जे.जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन गेले. आमच्यासारखेच विद्यार्थी. १८७२ पासून १८८५ पर्यंत जाऊन जाऊन त्यांनी पुन्हा प्रती केल्या. त्याही लंडनला गेल्या, आणि १८८५ मध्ये तिथल्या साऊथ केन्सिंग्टनच्या आगीत त्यातल्याही बऱ्याच गेल्या.

"दोनदा?" कुणीतरी विचारलं.

"दोनदा. आणि तरी लोक तिसऱ्यांदा गेले." १९०९ ते १९११ मध्ये लेडी हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीबरोबर नंदलाल बोस, असितकुमार हालदार ही कलकत्त्याची तरुण मंडळी गेली. बाळासाहेबही चित्रकार बरोबर घेऊन गेले, त्यांचं अजिंठ्यावरचं पुस्तक १९३२ चं.

यातली एक गोष्ट मला फार लागली. चित्रं नीट दिसावीत म्हणून प्रत करणाऱ्यांनी मूळ भिंतीवर व्हार्निश लावलं. तेवढ्यापुरते रंग उजळले, पण पुढं ते व्हार्निश पिवळं पडत, काळवंडत गेलं. १९२० च्या सुमाराला हैदराबादच्या निजामानं इटलीहून तज्ज्ञ बोलावले, त्यांनी चित्रं पडू नयेत म्हणून कडा बांधल्या, वर लाखेचा थर दिला, आणि कालांतरानं तोही पिवळा पडला. म्हणजे प्रत जळाली आणि प्रत करण्याच्या नादात मूळही दुखावलं. प्रेमानं केलेल्या कामातून असं झालं, याचं मला अजून वाईट वाटतं.

आणि गिलनं पुढं कॅमेराही हातात घेतला होता. त्यानं काढलेले फोटो १८६४ मध्ये लेण्यांवरच्या पुस्तकात छापून आले. दोन वर्षांनी रंगातल्या प्रती जळाल्या, फोटो राहिले. पण फोटोत रंग नव्हता. सर हे सांगून उठले आणि दुसऱ्या दालनात गेले. मी तिथंच बसले.

एका आकृतीचा हात निवडला. फक्त हात. मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत. खोडरबर नसल्यामुळे पहिली रेघ ओढायलाच पाच मिनिटं गेली. मला वाटलं होतं, तो हात सोपा आहे, कारण छायाप्रकाश फारसा नाही, बाह्यरेषाच आहे. पण ती रेघ एकसारखी नाही. बोटाच्या पोटाखाली जाड होते, पेराशी बारीक होते, टोकाला जवळजवळ नाहीशी होते. माझं बोट तिसऱ्या खेपेला बोटासारखं झालं. आणि मग लक्षात आलं, की ज्या चित्रकारानं ही प्रत केली तोही असाच कुठल्या तरी ओल्या, अंधाऱ्या लेण्यात बसून याच पेरापाशी अडला असेल, आणि त्याच्या आधी दीड हजार वर्षं मूळ चित्रकार. तासाभरात माझं जेवायचं राहून गेलं. बाकीचे खाली पिठलं-भाकरी खाऊन आले, मला मैत्रिणीनं भाकरीत ठेचा गुंडाळून आणला.

रविवर्म्यांच्या तैलचित्रांसमोर मात्र मला वेगळंच काही आठवलं. आमच्या देवघरात रविवर्म्यांच्या सरस्वतीचा जुना छाप होता. पणजोबांनी आणलेला, काचेत. रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढं तो मळवलीला हलला, आणि तिथल्या रंगीत छापांमुळं राजवाड्यातल्या देवी चाळीत, वाड्यात, दुकानात पोचल्या. खरं तैलचित्र आमच्या घरातल्या कुणी कधी बघितलं नव्हतं. आजीनं आयुष्यभर जिच्यापुढं हात जोडले ती प्रतच. संग्रहालयात पहिल्यांदा खरा रंग बघितला. अंगावरचं रेशीम, त्यावरची चमक आणि दागिन्याखालची सावली छापात कधीच आली नव्हती. पण देवघरातला तो छाप आता नाही, म्हणून मला तिथं रडू आलं. २०१९ च्या पुरात गेला.

परतीच्या वाटेवर सरांनी पंडित सातवळेकरांचं सांगितलं. वेदांचे पंडित म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण ते जे.जे.त शिकलेले चित्रकार, आणि लाहोरला त्यांचा चित्रांचा आणि फोटोंचा स्टुडिओ होता. किर्लोस्करवाडीचे शंकरराव किर्लोस्कर त्यांच्याकडं चित्रकला शिकायला तिकडं गेले होते. १९१८ मध्ये सातवळेकर औंधला आले. त्यांचे चिरंजीव माधव सातवळेकर पुढं मोठे चित्रकार झाले. ब्रश आणि कॅमेरा एकाच माणसाच्या हातात होता, आणि त्यांना त्यात काही भांडण दिसलं नसावं. मी खिडकीला डोकं टेकून ऐकत होते.

रविवारचं प्रदर्शन जागतिक छायाचित्रण दिनाच्या निमित्तानं होतं. १९ ऑगस्ट १८३९ ला फ्रान्सनं दागेरच्या छायाचित्रणाची रीत जगापुढं खुली केली, म्हणून तो दिवस. गावातल्या एका हॉलमध्ये स्थानिक फोटोग्राफरांनी मिळून फोटो लावले होते. अर्धा हॉल कास पठार, पक्षी, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण. ते फोटो सुंदर होते, पण मी त्यांच्यासमोर फार थांबले नाही. असे फोटो रोज मोबाईलवर समोर येतात आणि सरकून जातात.

उरलेल्या अर्ध्या हॉलमध्ये दोन गोष्टी होत्या. एका भिंतीवर २०१९ च्या पुराचे फोटो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी, आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. मी तेव्हा आठवीत होते. आमचं घर मारुती चौकाच्या अलीकडं, माळ्यापर्यंत पाणी. त्या भिंतीवर मी आमची गल्ली शोधत होते. सापडली नाही. शेजारची सापडली.

दुसऱ्या बाजूला एका जुन्या स्टुडिओतलं सामान मांडलं होतं. लाकडी फील्ड कॅमेरा, काचेच्या निगेटिव्ह, उतरत्या फळीचं टचिंगचं टेबल, आणि हातानं रंगवलेले कॅबिनेट साईजचे फोटो. त्याच्यापाशी खुर्चीवर एक काका बसले होते. पंच्याहत्तरीच्या पुढचे असतील. त्यांनी चाळीस वर्षं स्टुडिओ चालवला, ब्लॅक अँड व्हाईटमध्ये सुरुवात केलेली.

मी एका वधूच्या फोटोची प्रत करायला बसले, तसे ते खुर्ची ओढून जवळ आले. बराच वेळ बघत राहिले.

"डोळ्याखाली काळं कशाला भरतीस?"

"फोटोत आहे ना, काका."

"फोटोत नाही. बघ की नीट. तिथं मी टचिंग केलंय."

मग त्यांनी मला निगेटिव्ह उजेडासमोर धरून दाखवली. निगेटिव्हच्या जिलेटिनच्या बाजूला आधी एक पातळ द्रव चोळायचा, म्हणजे पेन्सिल धरते. मग टोक सुईसारखं केलेल्या पेन्सिलीनं, बारीक बारीक ठिपके आणि स्वल्पविराम. निगेटिव्हवर जिथं पेन्सिल लागली, तिथं उजेड अडतो, आणि छपाईत ती जागा गोरी येते. डोळ्याखालचं काळं, देवीचे वण, कपाळावरची आठी. सगळं पेन्सिलीनं. फोटो वाळला की पारदर्शक रंग, काडीला कापूस गुंडाळून गालावर, ओठांवर, साडीच्या काठावर. मी गेली दोन वर्षं 'फोटोग्राफी' आणि 'ड्रॉइंग' हे दोन वेगळे विषय समजत होते. इथं निगेटिव्हवर जो माणूस दिवसभर वाकून बसायचा, त्याचा हात माझ्यापेक्षा दहापट तयार होता आणि त्याची एकही रेघ कुणाला दिसू नये, हेच त्याचं कौशल्य.

"सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात," काका म्हणाले. "विष्णुदास भाव्यांनी पहिलं नाटक केलं १८४३ ला. फोटोची विद्या तेव्हा चार वर्षांची. त्याचा फोटो कोण काढणार? पण त्याच्या नंतरच्यांचे तरी जपायला नकोत? पुरात किती गेले." एवढं बोलून ते भिंतीकडं बघत राहिले.

तेव्हा मी त्यांना आमच्या गठ्ठ्याचं सांगितलं. पुरानंतर आईनं अल्बम उन्हात वाळवला होता. वाळला आणि आतले फोटो एकमेकांना चिकटून वीट झाली. फेकवेना, उघडवेना. तेव्हापासून तो गठ्ठा जुन्या साडीत बांधून कपाटात होता.

"ओढून बघितलंय का कुणी?"

"बाबांनी एक कोपरा."

"आता हात लावू नको. पुढच्या रविवारी घेऊन ये."

पुढच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले. हा भाग मी सविस्तर लिहिते, कारण सांगली, मिरज, कोल्हापुरात असे गठ्ठे अजून कित्येक कपाटांत असतील.

आधी काकांनी गठ्ठ्याचे सगळ्या बाजूंनी मोबाईलवर फोटो काढून घेतले. "पाण्यात काय होईल सांगता येत नाही. आहे तेवढं तरी राहू दे." मग विचारलं, यात अलीकडचे इंकजेटवर छापलेले आहेत का. दोन होते, सगळ्यात वर. त्यांची शाई पाण्यात पसरते, म्हणून ते पात्यानं खालच्या बाजूनं कापून बाजूला केले. त्यातला एक फाटला. तो फाटायचाच होता, असं ते म्हणाले.

बाकीचे खरे फोटो. खऱ्या फोटोत कागदावर जिलेटिनचा थर असतो आणि चित्र त्या थरात असतं. जिलेटिन पाण्यानं फुगतं आणि तसंच वाळलं की शेजारच्याला धरून ठेवतं. ते सोडवायचं तर पुन्हा फुगवायचं. डेव्हलपरच्या जुन्या ट्रेमध्ये साधं गार पाणी, गरम अजिबात नाही. गठ्ठा त्यात ठेवला आणि आम्ही चहा प्यायलो. अर्ध्या तासानं पाणी गढूळ झालं. पुराचा गाळ. इतक्या वर्षांनी तो वास पुन्हा नाकात गेला आणि मी अंगणात जाऊन उभी राहिले. पाणी बदललं. आणखी अर्धा तास.

मग काकांनी बोटानं नव्हे, पाण्यानंच पहिला फोटो सोडवला. कोपऱ्यापाशी हातानं पाणी हलवत राहायचं, फट पडली की पाणी आत जातं. जिथं अडेल तिथं थांबायचं. सुटलेला फोटो दुसऱ्या ट्रेमध्ये स्वच्छ पाण्यात धुवायचा, आणि चित्र वर करून टीपकागदावर सावलीत ठेवायचा. चित्राला वरून काहीही लागू द्यायचं नाही.

एकूण सतरा फोटो होते. रंगीत अकरा, त्यातले पाच नीट आले. बाकीच्यांचे कडेचे भाग विरघळले होते. रंगीत कागदात तीन थर असतात, वरचा निळसर आधी जातो, मग किरमिजी, शेवटी पिवळा राहतो. म्हणून माझ्या पाचव्या वाढदिवसाचा केक पेटल्यासारखा दिसतो. ब्लॅक अँड व्हाईट सहाच्या सहा सुटले. काकांनी त्यातला एक उलटा करून मागचा शिक्का बघितला आणि म्हणाले, "हा माणूस हायपोत, म्हणजे फोटो पक्का करायच्या द्रवात, तुरटी घालायचा. तुरटीनं जिलेटिन घट्ट होतं. साठ वर्षांपूर्वी घातलेली तुरटी आज कामाला आली बघ."

त्या सहात आजीच्या लग्नाचा एकच फोटो. आजोबा खुर्चीवर, आजी शेजारी उभी. चेहरे शाबूत. बाबांनी ओढलेला कोपरा तो हाच. आजीचा डावा हात कोपरापासून गेला होता. तिथं नुसता पांढरा कागद.

मी विचारलं, इथं रंगवून हात काढू का. काकांनी मान हलवली. "याच्यावर काही करू नको. याची प्रत कर, आणि प्रतीवर काय ते कर." मला अजिंठ्याच्या भिंतीवरचं व्हार्निश आठवलं.

मधल्या सोमवारी वर्गात मी औंधच्या हाताबद्दल बोलले. काय बोलले ते आता आठवत नाही. सरांनी आणखी एक कागद दिला, एवढं आठवतं.

फोटो वाळल्यावर मी तो स्कॅन केला, मूळ एका पाकिटात ठेवला, आणि मोठ्या कागदावर पेन्सिलीनं प्रत सुरू केली. चार संध्याकाळी लागल्या. आजी रोज जवळ येऊन बसायची. आजोबांच्या टोपीबद्दल काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अगं, ही कुडी नव्हे. ते वेल होते. फोटोवाल्यानं पुसलेत वाटतं." काकांसारख्याच कुणाचं तरी टचिंग. मी वेल काढले.

मग त्या पांढऱ्या जागेपाशी आले.

"आजी, तू हात कसा धरला होतास?"

तिनं थोडा विचार केला. उठून उभी राहिली, पदर नीट केला आणि खुर्चीच्या पाठीवर डावा हात ठेवला. मग पुन्हा उचलला. "नाही. तसा ठेव म्हणाला होता तो, पण मी ठेवला नाही. ह्यांच्या खांद्याला लागला असता. सगळी बघत होती." आणि तिनं हात खाली सोडून पदराचं टोक दोन बोटांत धरलं.

"अशीच थांब," मी म्हटलं, आणि मनगटापासून सुरुवात केली.